हॉपरबाईंची वही

आधीच सांगून टाकते, माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय. मराठी बोलते फाडफाड, पण लिहायला बसले की ऱ्हस्व-दीर्घ छळतात. तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

मराठी विभागासाठी थोर व्यक्तीचं चरित्र लिहायचं ठरलं तेव्हा मी ग्रेस हॉपर यांचं नाव दिलं. का, ते सांगते.

मागच्या सेमिस्टरला आमच्या ग्रुपने सी लँग्वेजमध्ये मिनी प्रोजेक्ट केला, मोसंबीच्या क्रेटच्या वजनांच्या नोंदींचा. सीमधला मॅक्रो म्हणजे साचा. आपल्या जालन्याच्या रोलिंग मिलमधून एका मापाच्या सळया निघतात ना, तसंच. एकदा मॅक्रो लिहिला की जिथे त्याचं नाव येईल तिथे तो कोड आपोआप उतरतो. वर्ग काढायचा मॅक्रो आम्ही एका सिनियरच्या फाइलवरून उतरवला, त्याने त्याच्या सिनियरच्या. या उतरवाउतरवीत कंस कुठेतरी गळाले. सरासरी २० किलो आणि क्रेट २२ किलोचं, म्हणजे फरक २ आणि त्याचा वर्ग ४. आमच्या स्क्रीनवर आलं वजा ४३८! तेही एक्स्टर्नलसमोर. पुढचं विचारू नका.

नंतर हॉपरबाईंबद्दल वाचलं आणि कळलं, की हे दुखणं ऐंशी वर्षं जुनं आहे.

ग्रेस मरे यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. सात वर्षांच्या असताना गजराचं घड्याळ कसं चालतं ते बघायला त्यांनी घरातली एकामागून एक सात घड्याळं खोलली होती. व्हासार कॉलेजमधून १९२८ मध्ये पदवी आणि येल विद्यापीठातून १९३४ मध्ये गणितात पीएच.डी. मिळवली. पुढे व्हासारलाच प्राध्यापिका. १९३० मध्ये लग्न झालं होतं, हॉपर हे सासरचं आडनाव. १९४५ मध्ये घटस्फोट झाला, नाव मात्र तेच राहिलं.

दुसरं महायुद्ध पेटलं तेव्हा त्यांना नौदलात जायचं होतं. वय जास्त, वजन कमी, म्हणून आधी नकार मिळाला. बाई हटल्या नाहीत. १९४३ मध्ये वजनाची सूट मिळवून भरती झाल्याच. १९४४ मध्ये त्यांची नेमणूक हार्वर्डला मार्क वन या कॉम्प्युटरवर झाली. हे यंत्र ५१ फूट लांब होतं आणि प्रोग्रॅम कागदी टेपवर भोकं पाडून द्यावा लागायचा.

खरी गोष्ट इथे सुरू होते. तिथले प्रोग्रॅमर आपापले तपासलेले कोडचे तुकडे वहीत लिहून ठेवायचे. एकाला साइन काढायचा तुकडा हवा असला, की दुसऱ्याची वही मागायची आणि उतरवून घ्यायचं. अगदी आपल्या जर्नलसारखं! पण प्रत्येक तुकड्याचे पत्ते शून्यापासून लिहिलेले असत. तो प्रोग्रॅमच्या मधे बसवायचा तर प्रत्येक पत्त्यात बेरीज करावी लागे. हॉपरबाईंच्या लक्षात आलं, की हुशार माणसंही बेरजेत चुकतात आणि उतरवतानाही चुकतात. बी या अक्षराचे तेरा होतात! मग हे काम यंत्रालाच का देऊ नये?

१९४९ मध्ये त्या युनिव्हॅक बनवणाऱ्या कंपनीत गेल्या. १९५२ पर्यंत त्यांनी ए-झीरो तयार केला. तपासलेले तुकडे मॅग्नेटिक टेपवर ठेवले, प्रत्येकाला नंबर दिला. प्रोग्रॅमरने फक्त नंबर द्यायचे, यंत्र तुकडे शोधून, पत्ते जुळवून पूर्ण प्रोग्रॅम बनवणार. त्यांनी याला कंपायलर म्हटलं, पण आजच्या भाषेत तो लिंकर आणि मॅक्रोच्या जवळचा. कॉम्प्युटर फक्त आकडेमोड करतो, प्रोग्रॅम कसा लिहील, असं म्हणून लोकांनी आधी विश्वासच ठेवला नाही.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट पुढची आहे. १९५३ मध्ये ए-टू आला, तो ग्राहकांना सोर्स कोडसकट दिला गेला आणि सुधारणा केल्यास परत पाठवा असंही सांगितलं गेलं. म्हणून अनेक जण ए-टूला ओपन सोर्सचं पहिलं उदाहरण मानतात. वही सगळ्यांसाठी उघडी झाली!

पुढे इंग्रजी शब्दांत प्रोग्रॅम लिहिता येणारी फ्लोमॅटिक त्यांनी केली आणि तिच्या पायावर १९५९ मध्ये कोबॉलचं काम सुरू झालं. व्याख्यानांत त्या सुमारे ३० सेंटिमीटरची वायर दाखवून एका नॅनोसेकंदात वीज किती लांब जाऊ शकते ते समजावत. १९८६ मध्ये, ७९ व्या वर्षी, रिअर अ‍ॅडमिरल म्हणून निवृत्त झाल्या आणि लगेच दुसऱ्या नोकरीला लागल्या! १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचं निधन झालं.

हे वाचून मी सीच्या दोन ओपन सोर्स मॅक्रो लायब्ररी शेजारी ठेवून बघितल्या, यूटीहॅश आणि केहॅश. दोन्ही हॅश टेबलसाठीच. यूटीहॅशमध्ये आपल्या स्ट्रक्चरमध्ये एक हँडल टाकलं की काम सुरू, शिकायला सोपी. पण जितक्या ठिकाणी वापराल तितक्या ठिकाणी कोड पसरतो. केहॅश प्रत्येक टाइपसाठी एकदाच फंक्शन्स बनवून देते, पण सुरुवातीला नावं वाचूनच घाम फुटतो. मोसंबीच्या नोंदींसाठी मी यूटीहॅश घेतली. दोन्हींमध्ये कंस मात्र जागच्या जागी आहेत, कारण हजारो डोळ्यांनी ते तपासलेत.

आता एक कबुली. आमचा वर्गाचा मॅक्रो मी नंतर दुरुस्त केला, अजून पाच-सहा चांगले मॅक्रो लिहिले आणि फाइल कुणालाच दाखवली नाही. इंटर्नलचे मार्क, दुसरं काय! ज्युनियर्स अजून तीच कंस गळालेली फाइल उतरवत होते, मला माहीत होतं. हा लेख लिहिताना लाज वाटली. परवा ती फाइल लॅबच्या सर्व्हरवर टाकलीय, नाव ठेवलंय वही. उतरवू नका, सरळ वापरा. चूक सापडली तर दुरुस्त करा आणि मलाही कळवा.