व्याधाचा बटू सोबती आणि चंद्रशेखर

जानेवारी-फेब्रुवारीत रात्री नऊ-दहाच्या सुमारास कळवणहून दक्षिणेकडे पाहिले, की सातमाळ्याच्या डोंगरांवर उंच व्याध लखलखताना दिसतो. रात्रीच्या आकाशातला हा सर्वांत तेजस्वी तारा. त्याच्या शेजारी आणखी एक तारा आहे, पण तो व्याधापेक्षा सुमारे दहा हजार पट मंद असल्याने नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. १८६२ मध्ये अमेरिकेतील दुर्बिणी घडवणारे अल्व्हन ग्रॅहॅम क्लार्क यांना तो प्रथम दिसला. अशा ताऱ्यांना श्वेत बटू म्हणतात. त्यांचे वजन किती असू शकते, याचे गणित मांडले सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी. आणि त्याची किंमतही त्यांनीच मोजली.

आधी नावाविषयी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ताऱ्यांची राक्षसी आणि बटू अशी विभागणी झाली. त्या हिशेबात आपला सूर्यही बटूच ठरतो! श्वेत बटू हे नाव १९२२ मध्ये विलेम लाउटेन यांनी दिले. श्वेत, कारण तो अतिशय तप्त असतो. बटू, कारण आकार पृथ्वीएवढा. मंद दिसतो तो लहान असल्यामुळे. मराठीत मात्र बटू म्हटले की मुंजीतला मुलगा आठवतो, आणि इथे हा शब्द थोडा फसवतो. हा तारा बाल नव्हे. इंधन संपून विझत चाललेला म्हातारा आहे. वजन मात्र जवळजवळ सूर्याएवढे. व्याधाच्या सोबत्यातला कांद्याएवढा तुकडा पृथ्वीवर आणता आला, तर तो उचलायला दहा-पंधरा ट्रक लागतील.

चंद्रशेखर यांचा जन्म १९ ऑक्टोबर १९१० रोजी लाहोरचा, शिक्षण मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात. सी. व्ही. रामन हे त्यांचे काका. सरकारी शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा आई अंथरुणाला खिळलेली होती. तरीही मुलाने जावे, असा तिचाच आग्रह होता. ३१ जुलै १९३० रोजी ते मुंबईहून बोटीने निघाले. वय एकोणीस. पुढच्या वर्षी आई गेली; मायलेकांची पुन्हा भेट झाली नाही.

त्या बोटीवरच त्यांनी ते गणित मांडले. इंधन संपलेला तारा स्वतःच्या भाराने आत दबत जातो. एका टप्प्यावर खच्चून भरलेले इलेक्ट्रॉन आणखी दाबून घ्यायला नकार देतात आणि तारा सावरतो, हे केंब्रिजच्या राल्फ फाउलर यांनी १९२६ मध्ये दाखवले होते. चंद्रशेखर यांच्या लक्षात आले, की भार फार वाढला तर हे इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाजवळ पोहोचतात, मग आइन्स्टाइनचा सापेक्षतावाद लावावा लागतो, आणि तो लावला की इलेक्ट्रॉनांचा विरोध तोकडा पडतो. म्हणजे बटूच्या वजनाला मर्यादा आहे. आज ती सूर्याच्या सुमारे १.४ पट मानतात. त्याहून जड गाभा सावरतच नाही, दबतच राहतो.

११ जानेवारी १९३५ रोजी लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीत त्यांनी हे मांडले. लगेच आर्थर एडिंग्टन उभे राहिले. त्या काळातले ते सर्वांत मानाचे खगोलशास्त्रज्ञ. चंद्रशेखर यांचे गणित कसे चालले आहे, याची महिनोन्‌महिने आपुलकीने चौकशी करणारेही तेच. तारा असा बेभान कोसळणे त्यांना हास्यास्पद वाटले. निसर्ग असे होऊ देणार नाही, असा त्यांचा सूर होता. सभेत हशा पिकला. बोर आणि पाउली यांच्यासारख्या भौतिकशास्त्रज्ञांना चंद्रशेखरांचे बरोबर वाटत होते, पण जाहीरपणे एडिंग्टनच्या विरोधात कोणी उभे राहिले नाही. या गोष्टीत एडिंग्टनच्या हट्टापेक्षा हे मौन जास्त खटकते.

चंद्रशेखर भांडत बसले नाहीत. १९३६ मध्ये ललिता दोराईस्वामी यांच्याशी विवाह झाला, १९३७ मध्ये ते शिकागो विद्यापीठाच्या यर्किस वेधशाळेत रुजू झाले. १९३९ मध्ये ताऱ्यांच्या रचनेवर ग्रंथ लिहून त्यांनी तो विषय मिटवला आणि दुसरा हाती घेतला. एक विषय पूर्ण पचवायचा, त्यावर ग्रंथ लिहायचा, मग पुढचा धरायचा, हीच आयुष्यभराची रीत झाली. एडिंग्टनशी मैत्री त्यांनी मोडली नाही. पण खगोलशास्त्राची काही दशके त्या हशात वाया गेली असे म्हटले, तर फारसे चुकत नाही: अतिजड ताऱ्यांचे न्यूट्रॉन तारे आणि कृष्णविवरे होतात, हे सर्वमान्य व्हायला १९६० चे दशक उलटावे लागले.

१९८३ मध्ये त्यांना विल्यम फाउलर यांच्यासोबत नोबेल मिळाले. बोटीवरच्या त्या गणिताला तोवर त्रेपन्न वर्षे झाली होती. २८ डिसेंबर १९९२ रोजी पुण्यातील आयुका ही खगोलशास्त्राची संस्था त्यांच्याच हस्ते राष्ट्राला अर्पण झाली. २१ ऑगस्ट १९९५ रोजी शिकागोत त्यांचे निधन झाले. चार वर्षांनी नासाने अवकाशात सोडलेल्या क्ष-किरण दुर्बिणीला चंद्रा हे नाव मिळाले. तिने टिपलेल्या एका चित्रात व्याध फिका पडला आहे आणि त्याचा बटू सोबतीच झळकतो आहे. क्ष-किरणांत तोच अधिक तेजस्वी आहे.