स्वतःच्या यशाची फेरतपासणी करणारे शल्यविशारद : थिओडोर कोखर

मानेतील अवटु, म्हणजेच थायरॉईड, ग्रंथीची शस्त्रक्रिया आज नित्याची झाली आहे. दीडशे वर्षांपूर्वी मात्र रक्तस्राव व जंतुसंसर्गामुळे तिच्यात अनेक रुग्ण दगावत. हे चित्र पालटणाऱ्यांत स्वित्झर्लंडचे थिओडोर कोखर अग्रणी होते.

२५ ऑगस्ट १८४१ रोजी बर्न येथे जन्मलेले कोखर १८७२ मध्ये तेथील विद्यापीठात शल्यचिकित्सेचे प्राध्यापक झाले. आल्प्सच्या परिसरात गलगंडाचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळत. जंतुनाशक पद्धती, प्रत्येक रक्तवाहिनी बांधण्याची शिस्त आणि संथ, नेमका हात यांच्या बळावर त्यांनी मृत्यूचे प्रमाण झपाट्याने घटवले.

१८७४ मध्ये त्यांनी ११ वर्षांच्या एका मुलीची संपूर्ण ग्रंथी काढली. जखम भरली, मात्र पुढे तिची वाढ खुंटली, बुद्धी मंदावली. जिनिव्हाचे रेव्हर्डिन यांनीही १८८२ मध्ये अशाच परिणामांकडे लक्ष वेधले. कोखर यांनी बरे झालेले आपले जुने रुग्ण पुन्हा बोलावले. संपूर्ण ग्रंथी काढलेल्यांपैकी तपासलेल्या १८ जणांत १६ जण सूज, अशक्तपणा आणि मंदपणाने ग्रासलेले होते. १८८३ मध्ये बर्लिनच्या शल्यविशारद परिषदेत त्यांनी हे अपयश स्वतःहून मांडले. साध्या गलगंडात ग्रंथीचा काही भाग राखलाच पाहिजे, असा दंडक त्यांनी घातला. ग्रंथी शरीराला अत्यावश्यक असल्याचे यातूनच उमगले.

१९१२ पर्यंत त्यांच्या अशा शस्त्रक्रिया सुमारे पाच हजारांवर गेल्या आणि मृत्यूचे प्रमाण शेकडा एकाहूनही खाली आले. १९०९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळवणारे ते पहिले शल्यविशारद ठरले. २७ जुलै १९१७ रोजी बर्न येथेच त्यांचे निधन झाले.

थायरॉईडच्या कर्करोगात आजही अनेकदा संपूर्ण ग्रंथी काढावी लागते. तिची उणीव संप्रेरकाची रोजची गोळी भरून काढते. स्वरयंत्राकडे जाणारी नस दुखावल्यास आवाज बसतो. परावटु ग्रंथींना इजा झाल्यास रक्तातील कॅल्शियम घटून हातापायांत पेटके येतात. म्हणून शस्त्रक्रियेत नस ओळखून जपणे, परावटु ग्रंथींचा रक्तपुरवठा राखणे आणि नंतर कॅल्शियम तपासणे आवश्यक असते. जखम भरल्यानंतरही रुग्णाची विचारपूस सुटू नये, हा कोखर यांचा धडा आजही तितकाच मोलाचा आहे.