वाचक घडविणारा कादंबरीकार : बाबू देवकीनंदन खत्री

मनुष्य एखादी लिपी शिकतो ती बहुधा पोटासाठी, धर्मग्रंथासाठी किंवा सरकारदरबारातील कामासाठी. केवळ एक गोष्ट पुढे काय होते हे कळावे म्हणून प्रौढ माणसांनी पाटी-पेन्सिल हाती घेतल्याची उदाहरणे जगाच्या इतिहासात फार थोडी सापडतील. असे एक उदाहरण आपल्याच देशात, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, काशीमध्ये घडले. ते घडविणाऱ्या गृहस्थाचे नाव बाबू देवकीनंदन खत्री. हिंदी साहित्याच्या इतिहासात त्यांना मानाचे आसन देताना समीक्षकांचा हात नेहमीच आखडला आहे. परंतु लेखणीच्या बळावर संसार उभा करणारा आणि त्याचबरोबर एका भाषेला वाचक मिळवून देणारा लेखक म्हणून त्यांचे चरित्र प्रत्येक भाषाप्रेमी माणसाने अभ्यासावे असे आहे.

देवकीनंदनांचा जन्म जून १८६१ मध्ये बिहारमधील तत्कालीन मुजफ्फरपूर जिल्ह्यात, आजोळी झाला. योगायोग असा की, मराठीत लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ ही अद्भुतरम्य कादंबरी प्रसिद्ध झाली तेही हेच वर्ष. खत्री घराणे मूळचे पंजाबातले. महाराजा रणजितसिंहांच्या निधनानंतर लाहोरात माजलेल्या बेबंदशाहीत जी कुटुंबे पूर्वेकडे आली, त्यांत हे घराणेही होते. वडील लाला ईश्वरदास काशीत स्थायिक झाले. मुलाचे आरंभीचे शिक्षण त्या काळच्या रीतीप्रमाणे उर्दू आणि फारसीत झाले. हिंदी, संस्कृत व इंग्रजी यांचा परिचय पुढे काशीत आल्यावर झाला. ज्या माणसामुळे पुढे असंख्य लोक नागरी अक्षरे गिरवू लागले, त्याचे स्वतःचे शिक्षण अशा रीतीने दुसऱ्याच लिपीत सुरू झाले होते. नवशिक्या वाचकाला कोठे अडते, कोणता शब्द जड जातो, याची जाण त्यांना असावी यात नवल नाही.

तारुण्यात त्यांनी लेखक होण्याचा विचार केल्याचे दिसत नाही. गयेनजीकच्या टिकारी संस्थानाशी त्यांचा व्यवसायानिमित्त संबंध आला. टिकारीचे काशीनरेशांच्या घराण्याशी नाते होते. या ओळखीतून त्यांना काशी संस्थानातील चकिया आणि नौगढ येथील जंगलांचा ठेका मिळाला. ठेकेदारी चांगली चालली, पैसाही मिळाला. त्याहून मोलाचा लाभ म्हणजे विंध्याचलाच्या त्या रानावनांत भटकण्याची मिळालेली संधी. डोंगरकपारी, धबधबे, गुहा, झाडाझुडपांनी वेढलेले पडके वाडे आणि ओस पडलेले किल्ले पाहत ते मित्रांसह दिवसचे दिवस हिंडत. पुढे हा ठेका हातचा गेला. उत्पन्नाचे साधन संपले. तोवर घडी बसलेल्या प्रापंचिक माणसाला हा मोठाच धक्का होता.

अशा प्रसंगी दुसरा एखादा ठेका, दुकान किंवा नोकरी शोधणे हा रूढ मार्ग. देवकीनंदनांनी लेखणी उचलली. जंगल हातून गेले होते, तरी जंगलाची आठवण कोणाला काढून घेता येणार नव्हती. त्या आठवणींतून ‘चंद्रकांता’ या कादंबरीचा जन्म झाला. १८८८ च्या सुमारास ती प्रसिद्ध होऊ लागली. नौगढचा राजकुमार वीरेंद्रसिंह, विजयगढची राजकन्या चंद्रकांता, त्यांच्या प्रेमात विघ्न आणणारा दुष्ट क्रूरसिंह, चुनारगढचा महत्त्वाकांक्षी राजा शिवदत्त, ही पात्रे काल्पनिक होती. पण नौगढ, विजयगढ, चुनार ही नावे काशी-मिर्झापूरच्या वाचकाच्या ओळखीची होती. आपल्या गावापासून दोन दिवसांच्या वाटेवर असे काही रहस्य दडलेले असू शकेल, ही भावनाच वाचकाला बांधून ठेवण्यास पुरेशी होती.

या कथेचे खरे नायक मात्र राजपुत्र नव्हेत, तर ऐयार. ऐयार म्हणजे वेषांतर, हेरगिरी, गाणे-बजावणे, धावणे आणि औषधींचे ज्ञान यांत निपुण असलेला राजसेवक. कमरेला बटवा, त्यात बेशुद्ध करण्याची भुकटी आणि शुद्धीवर आणणारा लखलखा, ही त्याची आयुधे. वीरेंद्रसिंहाचा ऐयार तेजसिंह आणि चंद्रकांतेची सखी चपला हे बुद्धीच्या जोरावर सैन्याचे काम करतात. ऐयाराने ऐयाराचा जीव घ्यायचा नाही, फार तर कैद करायचे, असा त्यांच्यातला दंडक आहे. त्यामुळे कथेत संकटांमागून संकटे येतात, पण रक्तपाताची किळस येत नाही. जोडीला तिलिस्म, म्हणजे प्राचीन खजिन्याच्या रक्षणासाठी रचलेली मायावी वास्तू. उर्दूतील दास्तानांमधून, विशेषतः लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने त्याच काळात छापलेल्या ‘तिलिस्म-ए-होशरुबा’मुळे, हा शब्द लोकांच्या तोंडी होता. तेथे जादूगार आणि मंत्रतंत्र यांचे साम्राज्य होते. देवकीनंदनांच्या तिलिस्मात मात्र कळी, कमानी, गुप्त दारे आणि कारागिरांची यंत्ररचना आहे. शेवटी प्रत्येक चमत्काराचा उलगडा केला जातो. जुन्या अद्भुताला त्यांनी नव्या काळाच्या तर्काची जोड दिली, हे त्यांचे वेगळेपण.

या यशाचे मोल कळण्यासाठी त्या काळची परिस्थिती ध्यानात घ्यावी लागते. वायव्य प्रांतातील कचेऱ्यांचा कारभार फारसी लिपीतील उर्दूत चाले. सुशिक्षित माणूस उर्दू वाचे. हिंदी गद्याला वाचक थोडा, आणि कादंबरीला त्याहून थोडा. भारतेंदु हरिश्चंद्र १८८५ मध्ये निवर्तले होते. लाला श्रीनिवासदास यांची ‘परीक्षागुरु’ १८८२ मध्ये आली होती, पण तिचा भर उपदेशावर होता. काशीची नागरी प्रचारिणी सभा १८९३ मध्ये स्थापन झाली आणि कचेऱ्यांत नागरी अर्जांना मुभा मिळाली ती १९०० मध्ये. म्हणजे सभा, अर्ज आणि विनंत्या यांच्या मार्गाने जी चळवळ पुढे चालली, तिच्या आधीच एका कादंबरीने नागरी अक्षरे घरोघर नेली होती. ‘चंद्रकांता’ वाचता यावी म्हणून उर्दू जाणणाऱ्या पुष्कळ लोकांनी हिंदी शिकून घेतले, असे हिंदी साहित्याचे इतिहासकार एकमुखाने नमूद करतात. ज्यांना वाचता येत नसे, ते वाचणाऱ्याभोवती बसून ऐकत.

हे साधले ते भाषेमुळे. देवकीनंदनांनी संस्कृतप्रचुर हिंदी टाळली. बाजारात, अंगणात, प्रवासात बोलली जाणारी साधी हिंदुस्थानी त्यांनी वापरली आणि तीत रुळलेले उर्दू शब्द निःसंकोच राहू दिले. पंडितांना हे रुचले नाही. पण वाचकाची तयारी जसजशी वाढेल तसतशी भाषेची पायरी चढवीत न्यावी, हे धोरण त्यांनी जाणूनबुजून ठेवले होते आणि आपल्या दीर्घ कादंबरीच्या अखेरीस ते बोलूनही दाखविले.

ती दीर्घ कादंबरी म्हणजे ‘चंद्रकांता संतति’. पहिल्या कथेच्या नायक-नायिकेचे पुत्र इंद्रजितसिंह आणि आनंदसिंह यांची ही कहाणी चोवीस भागांत, १८९४ पासून सुमारे अकरा वर्षे प्रसिद्ध होत राहिली. एक भाग संपला की दुसऱ्याची वाट पाहणे ही वाचकांची सवय झाली. आपल्याकडे त्याच सुमारास, १८९० पासून, हरि नारायण आपटे ‘करमणूक’मधून कादंबऱ्या क्रमशः देत होते. हरिभाऊंची दृष्टी समाजाच्या वेदनेकडे होती, तर देवकीनंदनांची रंजनाकडे. तरीही पुढच्या अंकाची ओढ लावून वाचनाची गोडी निर्माण करण्याचे काम दोघांनीही आपापल्या भाषेत केले.

लेखनावर उपजीविका करायची तर नुसती कल्पनाशक्ती पुरत नाही, हे या माजी ठेकेदाराला पक्के ठाऊक होते. पुस्तक लिहायचे आपण आणि त्याचा लाभ जायचा छापणाऱ्याला, ही स्थिती त्यांनी फार काळ चालू दिली नाही. १८९८ मध्ये त्यांनी काशीत स्वतःचा ‘लहरी प्रेस’ काढला. लेखन, छपाई आणि विक्री एका छपराखाली आली. ‘सुदर्शन’ हे मासिकही येथूनच निघाले आणि त्याचे संपादन पंडित माधवप्रसाद मिश्र यांनी पाहिले. ‘नरेंद्र मोहिनी’, ‘कुसुम कुमारी’, ‘काजर की कोठरी’ अशा इतर कादंबऱ्याही देवकीनंदनांनी लिहिल्या. त्यांनी तयार केलेल्या वाटेवरून इतरही चालू लागले. गोपालराम गहमरी यांनी १९०० मध्ये ‘जासूस’ हे मासिक सुरू केले आणि हिंदीत रहस्यकथेची स्वतंत्र पेठ उभी राहिली.

यशाबरोबर आक्षेपही आले. घटना असंभाव्य आहेत, मनोव्यापारांचे चित्रण नाही, समाजजीवनाचा पत्ता नाही, असे टीकाकार म्हणत. हे आक्षेप निराधार नव्हते. आचार्य रामचंद्र शुक्ल यांच्यासारख्या साक्षेपी इतिहासकाराने या कादंबऱ्यांना उच्च साहित्यात स्थान दिले नाही. पण हिंदीचे वाचक जितके देवकीनंदनांनी निर्माण केले तितके दुसऱ्या कोणा लेखकाने केले नाहीत, हेही त्यांनी त्याच ठिकाणी मोकळ्या मनाने मान्य केले. थोड्याच वर्षांनी प्रेमचंद हिंदीत लिहू लागले तेव्हा कादंबरी वाचण्याची सवय जडलेला मोठा वर्ग आधीच तयार होता. शेत नांगरणाऱ्याचे नाव पिकावर लिहिलेले नसते, इतकेच.

१९०७ च्या सुमारास त्यांनी ‘भूतनाथ’ लिहावयास घेतली. ‘संतति’मधील या संशयास्पद, चुकांनी ग्रासलेल्या आणि तरीही वाचकांच्या मनात घर केलेल्या ऐयाराचे ते जणू आत्मवृत्तच होते. सहा भाग पुरे झाले आणि १ ऑगस्ट १९१३ रोजी, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, देवकीनंदनांचे निधन झाले. उरलेली कथा त्यांचे पुत्र दुर्गाप्रसाद खत्री यांनी पूर्ण केली. वडिलांच्या मागे छापखाना राहिला, कथा राहिली आणि तिचा वाचकही राहिला. त्यानंतर ऐंशी वर्षांनी, १९९४ मध्ये, दूरदर्शनने ‘चंद्रकांता’ मालिका दाखविली. मूळ कथेत पुष्कळ फेरफार झालेले असूनही देशभरातील मुलांच्या तोंडी क्रूरसिंहाचे नाव बसले.

आपली शाळा मराठी मुलखापासून दूर आहे. येथे मराठी ही रस्त्यावरची भाषा नाही, कचेरीची नाही आणि नोकरीचीही नाही. मुलांनी ती का वाचावी, हा प्रश्न गेली अनेक वर्षे पालकसभेत निघतो आणि आपण त्याला संस्कृती, परंपरा, कर्तव्य अशी उत्तरे देतो. ती उत्तरे खरी आहेत, पण दहा वर्षांच्या मुलाला ती पुस्तकाकडे ओढून नेत नाहीत. देवकीनंदनांच्या काळी हिंदीलाही कचेरीत स्थान नव्हते. तरी लोक ती वाचू लागले, कारण तेजसिंह कैदेतून कसा सुटला हे त्यांना त्याच रात्री कळायला हवे होते. आपल्या ग्रंथालयातील कपाटात थोर ग्रंथ अवश्य असावेत. परंतु त्यांच्या शेजारी, पाने सैल झालेली, हातोहात फिरलेली, परत आणून द्यायला उशीर झालेली गोष्टींची पुस्तकेही असावीत. हीरकमहोत्सवी वर्षात शाळेने आपल्या मुलांसाठी एवढे केले, तरी काशीच्या त्या कथाकाराचे ऋण काही अंशी फेडल्यासारखे होईल.