विश्लेषण : ‘मॅसोकिझम’ला ज्यांचे नाव चिकटले, ते लेखक कोण होते?

स्वतःहून वेदना किंवा अपमान ओढवून घेण्यात सुख मानणाऱ्याला आज सर्रास ‘मॅसोकिस्ट’ म्हटले जाते. हा शब्द मुळात एका लेखकाच्या आडनावावरून आला, तोही ते हयात असताना.

कोण होते झाखर-मासोख?

लिओपोल्ड फॉन झाखर-मासोख यांचा जन्म २७ जानेवारी १८३६ रोजी लेम्बर्ग येथे झाला. हे शहर तेव्हा ऑस्ट्रियन साम्राज्यात होते. आज ते युक्रेनमधील ल्विव्ह. वडील तेथील पोलीसप्रमुख. ‘मासोख’ हे आईच्या माहेरचे आडनाव. तो वंश खुंटू नये म्हणून ते जोडले गेले. पुढे ते जगभर टिकले खरे, पण भलत्याच कारणाने!

ग्राझमध्ये त्यांनी इतिहास शिकवला, मग ते पूर्णवेळ लेखनाकडे वळले. गॅलिसियातील शेतकरी आणि ज्यू समाजावरील त्यांच्या कथा जर्मनीइतक्याच फ्रान्समध्येही वाचल्या जात. ज्यूद्वेषाविरुद्ध ते अखेरपर्यंत लिहीत राहिले.

करारात काय होते?

डिसेंबर १८६९ मध्ये त्यांनी फॅनी पिस्टर यांच्याशी लेखी करार केला. सहा महिने ते त्यांचे गुलाम म्हणून राहणार आणि त्या शक्य तितक्या वेळा फरचा कोट घालणार, असे त्यात ठरले. मात्र माणूस व नागरिक म्हणून त्यांची अप्रतिष्ठा होईल असे काही सांगायचे नाही, लेखनासाठी रोज सहा तास मोकळे ठेवायचे आणि त्यांची पत्रे वाचायची नाहीत, अशा मर्यादाही होत्या. दोघे इटलीला गेले. लेखक महाशय नोकराच्या वेशात, ‘ग्रेगोर’ या नावाने.

आजच्या किंक संस्कृतीत संमती, आधी ठरवलेल्या मर्यादा आणि मुदत यांवर भर असतो. त्याचे एक जुने रूप या कागदात दिसते. याच अनुभवातून १८७० मध्ये ‘व्हीनस इन फर्स’ ही कादंबरी आली. तिचा नायक सेव्हरिनही वांडाशी करार करतो.

संसारात मात्र हे सूत्र पाळले गेले, असे म्हणता येत नाही. १८७३ मध्ये त्यांनी अरोरा र्‍यूमेलिन यांच्याशी लग्न केले. तिने ‘वांडा’ हे नाव घेतले. मनात नसताना पतीच्या हट्टापायी आपल्याला ही भूमिका निभवावी लागली, असे तिने १९०६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठवणींत लिहिले. अर्थात, तेव्हा उत्तर द्यायला पती हयात नव्हते.

नावाचा आजार कसा झाला?

मनोविकारतज्ज्ञ रिचर्ड फॉन क्राफ्ट-एबिंग यांनी १८९० मध्ये ‘मॅसोकिझम’ ही संज्ञा आणली. परपीडनासाठी मार्की द साद यांच्या नावावरून ‘सॅडिझम’ हा शब्द होताच. पण साद १८१४ मध्येच वारले होते. इथे लेखक जिवंत होता. रंगांधळेपणाला डाल्टन यांचे नाव दिले गेले, तसेच हे, असा बचाव क्राफ्ट-एबिंग यांनी केला. पण रंग न दिसणे आणि खासगी आवड चव्हाट्यावर येणे यांत बराच फरक आहे.

झाखर-मासोख ९ मार्च १८९५ रोजी जर्मनीतील लिंडहाइम येथे वारले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत परस्परसंमतीने केलेले असे वर्तन विकार मानलेले नाही. ल्विव्हमध्ये २००८ मध्ये त्यांचा पुतळा उभारला गेला.