ज्या थोरोच्या हातून जंगल पेटलं, त्यानेच जंगल परत कसं उगवतं ते शोधलं

हेन्री डेव्हिड थोरो म्हटलं की आपल्याला आठवते वॉल्डन तळ्याकाठची झोपडी, कर न भरल्यामुळे काढलेली तुरुंगातली रात्र आणि गांधीजींवरचा त्याचा प्रभाव. पण अमेरिकेतल्या कॉन्कॉर्ड या त्याच्या गावात बरीच वर्षं त्याची ओळख वेगळीच होती. जंगल जाळणारा माणूस!

तर झालं असं, की ३० एप्रिल १८४४ ला थोरो एका मित्रासोबत नदीवर गेला. मासे पकडले आणि ते शिजवायला एका बुंध्यापाशी जाळ केला. गवत वाळलेलं, त्यात वारा. सुमारे ३०० एकर जंगल खाक झालं. खटला झाला नाही, पण गावाने त्याला ते विसरूही दिलं नाही.

पुढे पोटापाण्यासाठी तो जमीन मोजणीची कामं करू लागला. रानं पालथी घालताना शेतकऱ्यांचं एक कोडं त्याच्या कानावर यायचं. पाइन तोडले की तिथे ओक कसे येतात? झाडं बियांशिवाय आपोआप उगवतात, असं तेव्हा अनेकांना खरंच वाटायचं. सप्टेंबर १८६० मध्ये त्याने शेतकऱ्यांसमोर भाषण देऊन उलगडा केला. पाइनचं बी वारा आणतो, ओकची फळं खारी पुरून ठेवतात.

बर्चवरही त्याची बारीक नजर होती. बर्च म्हणजे आपल्या हिमालयातल्या भूर्जाचा भाऊबंद, ज्याच्या सालीवर पोथ्या लिहिल्या गेल्या. एकाच झाडावर नर आणि मादी तुरे येतात, पराग वारा पोचवतो. मादी तुरे पिकून विस्कटले की पंखवालं, चिमूटभरात शेकडो मावेल असं बी हिवाळाभर बर्फावर सांडत राहतं आणि त्यावरून घसरत लांब जातं. पण एवढ्याशा बियांत शिदोरी ती किती? जाड पाचोळ्यावर पडलं तर मूळ मातीपर्यंत पोचत नाही, सावलीत रोप तगत नाही. त्याला हवी उघडी ओलसर माती आणि भरपूर ऊन. म्हणजे नेमकं जळालेलं रान!

डिसेंबर १८६० मध्ये कडाक्याच्या थंडीत तोडलेल्या बुंध्यांवरची वर्तुळं मोजताना थोरोला सर्दी झाली आणि जुना क्षय बळावला. ६ मे १८६२ ला तो गेला, तेव्हा वय होतं फक्त ४४. बियांच्या प्रवासावरचं त्याचं हस्तलिखित अपुरंच राहिलं. ते छापून यायला १९९३ साल उजाडलं.