गाडीच्या एसीतून हवा कमी येते? आधी विलिस कॅरिअरची गोष्ट वाचा

मे महिन्यात शिंदखेड्याहून नरडाणा किंवा दोंडाईचाकडे गाडी काढली की पहिलं बोट एसीच्या बटणावर जातं. पण बऱ्याच गाड्यांत ब्लोअर चारवर ठेवला तरी जाळीतून हवा फुंकर घातल्यासारखीच येते. मग लोक थेट गॅस भरून घेतात. पैसे जातात आणि हवा मात्र तेवढीच राहते. चूक नेमकी कुठे होते, हे आधुनिक एसीचा जनक विलिस कॅरिअर याच्या आयुष्याकडे पाहिलं की लक्षात येतं. कारण त्याच्या कामाची सुरुवात गारव्यापासून नाही, तर वाहत्या हवेपासून झाली होती.

सफरचंदांचं गणित

विलिस कॅरिअरचा जन्म २६ नोव्हेंबर १८७६ रोजी अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या अँगोला गावाजवळ झाला. घर शेतकऱ्याचं, आणि हा एकुलता एक. शाळेत त्याला अपूर्णांक काही केल्या जमेनात. तेव्हा आईने सफरचंदं कापून अर्धा, पाव, अष्टमांश असं हातात देऊन शिकवलं. तो अकरा वर्षांचा असताना आई गेली. पण मोठा प्रश्न कापून लहान करायचा, ही तिने लावलेली सवय आयुष्यभर टिकली.

शिष्यवृत्ती मिळवून आणि पडेल ते काम करून तो कॉर्नेल विद्यापीठात शिकला. १९०१ मध्ये बफेलो फोर्ज कंपनीत लागला तेव्हा पगार होता आठवड्याला १० डॉलर. ही कंपनी पंखे, ब्लोअर आणि हीटर बनवायची. वाफेच्या गरम नळ्यांवरून हवा सोडली तर ती किती उष्णता उचलते, याचा तोवर अंदाजच बांधला जायचा. कॅरिअरने ते मोजलं आणि त्याचे तक्ते बनवले.

तुमच्या गाडीतही हाच हिशोब आहे. हवा केबिन फिल्टरमधून येते, ब्लोअर तिला ढकलतो, ती कूलिंग कॉइलवरून जाते आणि मग जाळीतून बाहेर पडते. कॉइल कितीही गार असली तरी तिच्यावरून पुरेशी हवा गेली नाही, तर तो गारवा तुमच्यापर्यंत पोहोचणार कसा?

छापखाना, धुकं आणि पाणी

१९०२ मध्ये ब्रुकलिनच्या एका छापखान्याची तक्रार आली. दमट हवेत कागद फुगायचा आणि रंग एकमेकांवर नीट बसायचे नाहीत. पंचवीस वर्षांच्या कॅरिअरने गार नळ्यांवरून हवा नेऊन तिच्यातलं पाणी काढायची योजना आखली. त्या आराखड्यावर तारीख आहे १७ जुलै १९०२. आधुनिक एसीचा जन्म याच दिवशी धरतात.

त्याच सुमारास पिट्सबर्गच्या स्टेशनवर धुक्यात उभा असताना त्याला आणखी एक कल्पना सुचली. पाण्याचा बारीक फवारा मारून हवेतला ओलावा हवा तेवढा ठेवता येईल, आणि हवा धुऊनही निघेल. १९०६ मध्ये त्याला याचं पेटंट मिळालं. हे तंत्र लगेच सूतगिरण्यांत गेलं, कारण कोरड्या हवेत धागा तुटतो. कापूस पिकवणाऱ्या खान्देशाला हे वेगळं सांगायला नको.

गाडीची कॉइलही हवेतलं पाणी ओढते. एसी चालू असताना गाडीखाली पाणी ठिबकतं ते हेच. पण कॉइल फार गार झाली तर हे पाणी तिथेच गोठतं आणि बर्फ हवेची वाट अडवतो. सुरुवातीला हवा चांगली, अर्ध्या तासाने कमी, आणि एसी बंद ठेवला की पुन्हा ठीक, असं होत असेल तर बर्फाचाच संशय घ्या. एसीचं बटण बंद करून नुसता ब्लोअर चालू ठेवा, बर्फ वितळेल. पण असं वारंवार झालं तर मेकॅनिककडून फिल्टर, गॅस आणि तापमानाचा सेन्सर तपासून घ्या.

नोकरी सुटली, कंपनी उभी राहिली

पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि बफेलो फोर्जने एसीच्या कामातून अंग काढून घेतलं. १९१५ मध्ये कॅरिअर आणि सहा सहकाऱ्यांनी ३२,६०० डॉलर जमवून स्वतःची कंपनी काढली. पुढे त्यांचं काम थिएटरांत पोहोचलं. तिथे गार हवा खालून सोडली की प्रेक्षकांचे पाय गारठायचे, म्हणून त्यांनी ती वरून सोडायला सुरुवात केली. १९२५ मध्ये न्यूयॉर्कचं रिव्होली थिएटर गार झालं आणि उन्हाळ्यात लोक गारव्यासाठी सिनेमाला जाऊ लागले. १९४० च्या मॉडेलमध्ये पॅकार्ड कंपनीने कारखान्यातूनच एसी बसवलेली गाडी विकायला काढली. कॅरिअर ७ ऑक्टोबर १९५० रोजी वारला.

आता तुमची गाडी तपासा

प्रश्न कापून लहान करायची कॅरिअरची पद्धत इथेही वापरा.

१. हवा भरपूर आहे पण गार नाही? मग गॅस, कॉम्प्रेसर किंवा समोरचा कंडेन्सर तपासा.

२. हवाच कमी आहे? आधी केबिन फिल्टर बघा. बऱ्याच गाड्यांत तो डाव्या बाजूच्या कप्प्यामागे असतो. काढून दोन मिनिटं ब्लोअर चालवा. जोर वाढला तर दोषी सापडला! नवा फिल्टर बसवताना त्यावरच्या बाणाची दिशा पाहा. आपल्याकडच्या धुळीत तो लवकर भरतो. काही गाड्यांत फिल्टर नसतोच, तिथे कॉइल साफ करून घ्यावी लागते.

३. ब्लोअर फक्त शेवटच्या नंबरवर चालतो? बहुतेक वेळा रेझिस्टर गेलेला असतो.

४. सगळ्या नंबरवर हवा कमी आणि खरखर आवाज? ब्लोअरमध्ये पानं-कचरा अडकलाय किंवा मोटर थकली आहे.

५. बटण समोरच्या हवेवर, पण हवा पायाशी किंवा काचेवर? आतली झडप अडकली आहे.

गॅरेजमध्ये गेल्यावर नुसतं एसी चालत नाही असं सांगू नका. हवा कमी आहे की गारवा कमी, एवढं नक्की सांगा. नको तिथे गॅस भरण्याचा खर्च त्यानेच वाचतो.