जलपर्णीचे मूळ शोधणारे आघारकर

पुण्यातल्या गोपाळ गणेश आगरकर रस्त्यावर आघारकर संशोधन संस्था उभी आहे. नावांच्या साधर्म्यामुळे ती सुधारक आगरकरांच्या स्मरणार्थ असावी, असा अनेकांचा समज होतो. वास्तविक ती शंकर पुरुषोत्तम आघारकर यांच्या नावाची. जलपर्णीचा विषय निघाला की मला हटकून आठवतात ते हे वनस्पतिशास्त्रज्ञ.

आघारकर १८८४ साली जन्मले, मालवणला. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकवत असताना त्यांनी सह्याद्री पालथा घातला. साताऱ्याकडच्या नद्यांत १९११ मध्ये त्यांना गोड्या पाण्यातला जेलीफिश सापडला. त्याची जातभाई मंडळी तोवर फक्त आफ्रिकेत ठाऊक होती. पुढे कलकत्ता विद्यापीठाने त्यांना प्राध्यापकपदासाठी निवडले आणि १९१४ मध्ये ते जर्मनीला गेले. तेवढ्यात महायुद्ध पेटले आणि स्थानबद्धता वाट्याला आली. तरीही बर्लिनची डॉक्टरेट घेऊनच ते परतले. वायव्य भारतातल्या रुक्ष प्रदेशातील वनस्पती कशा पसरल्या आणि मूळच्या कुठल्या, हा प्रबंधाचा विषय होता.

कलकत्त्यात त्यांच्यापुढे आली ती पाण्यातली पाहुणी. दक्षिण अमेरिकेतून शोभेसाठी आलेल्या जलपर्णीने बंगालचे जलमार्ग अडवले होते. १९२१ मध्ये सरकारने जगदीशचंद्र बोस यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. आघारकरांनी बॅनर्जी या सहकाऱ्यासह या वनस्पतीचे परागण आणि बीजनिर्मिती तपासली. तो निबंध १९३० मध्ये प्रसिद्ध झाला. विषय वरवर किरकोळ वाटतो, पण तसा तो नाही. जलपर्णी फुटव्यांनी झपाट्याने वाढते, म्हणून ती उपसली की काम झाले असे वाटते. बी मात्र तळच्या गाळात वर्षानुवर्षे तग धरते आणि संधी मिळताच रुजते.

आघारकरांनी कीटक सोडून जलपर्णी आवरली नाही, ते पुष्कळ नंतर घडले. परंतु जैविक नियंत्रणाचा पाया त्यांच्याच प्रश्नात मला दिसतो. ही वनस्पती आली कुठून? आपल्या मायदेशी ती माजत नाही, कारण तिथे तिला खाणारे कीटक आहेत. ते मागे राहिले आणि ती इथे मोकाट सुटली. १९८२ साली असे भुंगेरे बंगळूरला आणले गेले. ते इतर पिकांना उपद्रव देत नाहीत याची खात्री करून मगच सोडले. प्रौढ भुंगेरे पाने कुरतडतात, तर अळ्या देठ पोखरत गड्ड्यापर्यंत जातात. मणिपूरच्या लोकताक सरोवरात या उपायाचा गुण आला.

आमच्या घनसावंगी तालुक्याच्या दक्षिण सीमेवरून गोदावरी वाहते आणि जायकवाडीचा डावा कालवाही तालुक्यातून जातो. इथे भुंगेऱ्यांवर भिस्त ठेवायची तर काही गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतील. त्यांना गुण दाखवायला वर्षे लागतात. यंत्राने सगळी जलपर्णी उपसली तर तिच्याबरोबर तेही जातात. पूर त्यांना वाहून नेतो. वरच्या शहरांचे सांडपाणी येत राहिले, तर खाणाऱ्यापेक्षा वाढणाराच वेगवान ठरतो. म्हणून उपसणे, सांडपाणी रोखणे आणि कीटक सोडणे ही कामे एकमेकांच्या हिशेबाने झाली पाहिजेत. एकेका उन्हाळ्याच्या निविदेने ती होत नाहीत.

आघारकरांना ही चिकाटी ठाऊक होती. निवृत्तीच्या वयात, १९४६ मध्ये, त्यांनी पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी उभारली आणि १९६० मध्ये निधन होईपर्यंत तिची धुरा वाहिली. १९९२ मध्ये तिच्या संशोधन संस्थेला त्यांचे नाव मिळाले. दगडावर नाव कोरले गेले हे बरेच झाले. त्यांचा प्रश्न मात्र नदीकाठी विचारला जायला हवा.